जळगावातच राहून ग्राफिक डिझायनर म्हणून वाढता येईल का?

रेघोटी, जळगाव

नमस्कार. उपयोजित कलेची पदविका घेतल्यापासून मी येथील एका छपाईच्या दुकानात डिझाइनचे काम करते. लग्नसराईत पत्रिका, निवडणुका आणि वाढदिवसांचे फ्लेक्स, एरवी सराफी पेढ्यांच्या जाहिराती आणि केळीच्या वेफर्सची पाकिटे, असे कामाचे स्वरूप आहे. काम भरपूर असले तरी ग्राहक शेजारी बसून फोटो मोठा करायला आणि नाव लाल करायला सांगतो, त्यामुळे हात माझा आणि निर्णय त्याचा, अशी अवस्था होते. पुण्याला जावे, की इथेच राहून स्वतःची दृष्टी दिसेल असे काम उभे करता येईल?

अक्षरमित्र, भुसावळ

पुण्यातील स्टुडिओत कामाची शिस्त लागते, तेव्हा जमत असेल तर दोन-तीन वर्षांसाठी अवश्य जावे. मात्र दृष्टीसाठी थांबण्याची गरज नाही. तुमच्या हाताखालून रोज जाणारी देवनागरी हेच मोठे क्षेत्र आहे. आपल्याकडे बहुतेक मांडणी आधी इंग्रजी मजकुरासाठी ठरते आणि मराठी नंतर त्यात बसवली जाते, त्यामुळे खालच्या ओळीची वेलांटी आणि रफार वरच्या ओळीच्या उकारात अडकतात. ओळींमधील अंतर देवनागरीसाठी स्वतंत्रपणे ठरवा. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स सुरू करून साउथ एशियन कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे अनेक फाँटांत असूनही मजकुराची भाषा मराठी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत, हेही तपासा.

कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली की जाहिरातीत ते नावच चित्र होई. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ फाँट घडवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ही अक्षरे कागदावर गिरवून पाहा, कारण काना कुठे जाड होतो आणि गाठ कुठे वळते, हे हाताला आधी कळते.

छापखाना, धुळे

अक्षरांचा मुद्दा मान्य आहे, पण त्याने शेजारी बसलेला ग्राहक बदलत नाही. काम सुरू करण्यापूर्वी फ्लेक्स कुठे लागणार, कोण वाचणार आणि त्याने काय लक्षात ठेवायचे, ही तीन उत्तरे ग्राहकाकडून लिहून घ्या, आणि किती दुरुस्त्या दरात धरल्या आहेत तेही त्याच कागदावर लिहा. नंतर छोटा नमुना छापून भिंतीला लावा आणि त्यालाच दहा पावले मागे उभे करून वाचायला सांगा; बारा नावे आणि चौदा चेहरे दुचाकीवरून जाणाऱ्याला दिसणार नाहीत, हे तो स्वतःच म्हणतो आणि निम्मी नावे स्वतःच काढतो. आमच्याकडे हा उपाय वादापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडला आहे.

रेघोटी, जळगाव

दोघांचे मनापासून आभार. भिंतीचा प्रयोग उद्यापासूनच करते. दुकानात केलेली कामे माझ्या पोर्टफोलिओत दाखवता येतील का?

छापखाना, धुळे

मालकाची लेखी परवानगी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा असतो. पुढे स्वतंत्र कामे घ्याल तेव्हा कलम 19 लक्षात ठेवा: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

अक्षरमित्र, भुसावळ

परवानगी मिळेपर्यंत स्वतःची कामे रचा. आपल्या खानदेशातील कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाचे, निमंत्रण किंवा आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) अहिराणी शुभेच्छापत्र करा, आणि प्रत्येकासोबत पहिली कच्ची रेखाटनेही ठेवा. काम देणारा जाणकार असेल तर तो तीच आधी पाहतो.