मदत हवी आहे: गरम झाल्यावर बंद पडणारा जुना लॅपटॉप घेतानाच कसा ओळखायचा?

मी लोकांकडून जुने लॅपटॉप विकत घेतो, साफ करून, गरज असेल तर रॅम किंवा एसएसडी टाकून पुढे विकतो. अडचण अशी की काही मशीन घेताना अगदी व्यवस्थित चालतात आणि घरी आणून तासभर व्हिडिओ लावला की फॅन घोंघावतो, बूड चटका बसेल इतकं तापतं आणि धाडकन बंद, मग सगळा नफा रिपेअरिंगमध्ये जातो.

आत्ता काय बघतो ते सांगतो. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड, जुन्या मालकाचं अकाउंट काढलंय का, बिजागरी, प्रत्येक यूएसबी पोर्ट, कीबोर्डचं एकेक बटण, पांढऱ्या स्क्रीनवर डाग. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता बघतो, ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन बॅटरी धरूनच भाव करतो. बिल किंवा मालकीचा पुरावा नसेल तर घेतच नाही, कितीही स्वस्त असो.

पण मागचं झाकण कोणी उघडू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांची वस्तू आहे. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू देत नाहीत, पेनड्राइव्हवरून चालवलं तर चालतं. वेळ मिळतो फार तर १५ मिनिटं.

तर तेवढ्या वेळात पेनड्राइव्हवरून कुठली स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण ताण देणारी चाचणी) लावू, आणि प्रोसेसरचं तापमान कसं चढलं की नुसती धूळ किंवा सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून लावलेला लेप) समजायची आणि कधी मदरबोर्डचाच दोष समजून सोडून द्यायचं?