अकबरनाम्यातील आडव्या मुठीचे शस्त्र: कट्यार की जमदाड?

पुराभिलेख: अकबरनाम्यातील, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासातील, सरदारांच्या कमरेला दिसते ती सरळसरळ कट्यार, बाकी सारा शब्दांचा खेळ, असे विधान येथे काल एका सदस्याने केले आणि त्याला भराभर होकारही मिळाले, म्हणून सविस्तर लिहितो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील, 1590 च्या सुमाराच्या त्या चित्रांत पाते बहुधा दिसतच नाही, कारण पाते म्यानात आणि म्यान कमरबंदात खोचलेले असते. दिसते ती फक्त मूठ: दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडके. अकबराच्याच दरबारातील इतिहासकार अबुल फजलने आईन-ए-अकबरीत, म्हणजे अकबराच्या राज्यकारभाराच्या वर्णनग्रंथात, शस्त्रांची यादी दिली आहे आणि तीत जमधर वेगळे, कटारा वेगळा. आईनमधील आकृत्यांत आडव्या मुठीचे शस्त्र जमधर म्हणून येते. भारतीय शस्त्रांचा इंग्रज अभ्यासक एगर्टन याच्या 1880 च्या सूचीत नावांची गल्लत होऊन जमधरला कटार म्हटले गेले, असे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे जी. एन. पंत यांनी मांडले आहे. समकालीन नाव हाताशी असताना ते आपण का टाकायचे?

शिकलगार: कारण शस्त्र सूचीत राहत नाही, घरात राहते. आमच्या देवघरात असेच एक शस्त्र आहे. खंडेनवमीला आजी त्याला तेल लावून पुसायची आणि ‘कट्यार’च म्हणायची. दोन पट्ट्यांमधली जागा इतकी अरुंद आहे की माझी चार बोटे तीत मावत नाहीत, आणि मूठ आवळली की पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतात. आजीला एगर्टन ठाऊक नव्हता. एका संग्रहालयात हेच शस्त्र ‘खंजीर’ अशा चिठ्ठीखाली ठेवलेले पाहून मी तक्रार लिहून दिली, तिचे उत्तर आजतागायत आलेले नाही. खंजिराचे पाते वाकडे असते, एवढे तरी चिठ्ठी लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते.

गडवाट: दोघेही दिल्लीकडे का पाहता? सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या मराठी चरित्रात, अफजलखान राजांची मान खाकेत धरतो आणि कुशीत जमदाड चालवतो. जमदाड, म्हणजे यमाची दाढ, आपल्या जमधरशी मिळताजुळता शब्द. अशा मिठीत तलवार फिरवायला जागाच नसते. आडव्या मुठीत मात्र पाते थेट हाताच्या रेषेत येते आणि ठोसा मारावा तसा वार बसतो. म्हणजे मराठीत या शस्त्राचे नाव जमदाडच होते.

शिकलगार: प्रसंग 1659 चा आणि बखर जिंजीत 1697 च्या सुमारास लिहिलेली. सभासदाने मूठ कोठे वर्णिली आहे? साध्या मुठीचा खंजीरही कुशीत खुपसता येतो. आपण वाराच्या पद्धतीवरून मूठ ठरवली आणि मुठीवरून नाव. हा पुरावा नव्हे.

गडवाट: मग आजीची साक्ष पुरावा, आणि राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिणारा सभासद मात्र नाही? बखरीविषयी हा तुच्छतेचा सूर मला सहन होत नाही.

शिकलगार: तुच्छता आपण वाचली, मी लिहिली नाही. सभासदाने शब्द दिला, तो मी डोक्यावर घेतो. आकार त्याने दिलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुराभिलेख: खानाच्या हातात काय होते यावर पुन्हा वाद नको, प्रश्न चित्रांचा आहे. शिकलगार यांचा एक मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो: बखरीतील शब्दावरून मूठ सिद्ध होत नाही. पण त्याच न्यायाने आजीच्या शब्दावरून अकबराचा दरबारही सिद्ध होत नाही.

शिकलगार: ठीक आहे. अकबरनाम्याच्या चित्राखाली आपण जमधर लिहा, मी हरकत घेणार नाही. आमच्या देवघरातील शस्त्राचे नाव मात्र कट्यारच राहील. येत्या खंडेनवमीला त्याच्या मुठीची मापे घेऊन येथे देतो. गडवाट यांनी ती जरूर पाहावीत.