एझेउलूने ते कंद खायला हवे होते का?

पानगळ: नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंची 'अ‍ॅरो ऑफ गॉड' (१९६४) ही कादंबरी पुन्हा वाचली. १९२० च्या दशकातला नायजेरियातला इग्बो लोकांचा मुलूख. एझेउलू हा उलू देवाचा पुजारी. दर महिन्याला चंद्रकोर दिसली की राखून ठेवलेला एक याम (आपल्या कोनफळाचा भाऊबंद) खायचा आणि त्या हिशोबाने नव्या यामचा सण जाहीर करायचा. सणाआधी पीक काढायचं नाही. इंग्रज त्याला डांबतात, दोन चंद्रकोरी हुकतात, दोन याम खायचे राहून जातात. सुटल्यावर तो सण पुढे ढकलतो. पीक जमिनीत सडतं आणि भुकेलं गाव चर्चकडे वळतं. देऊळ पाडलं नाही की गोळी झाडली नाही, नुसता पंचांगात खोडा घातला!

कडुनिंब: नाही पटलं. गावातले जाणते दारात येऊन म्हणतात, उरलेले याम खाऊन टाक, पाप आमच्या माथी. हा हटून बसतो, कारण गाव आपल्या पाठीशी उभं राहिलं नाही हा राग पोटात. देवाच्या नावाने उगवलेला सूड आहे तो. बिल साहेबावर का फाडता?

पानगळ: डांबलं कशासाठी ते विसरलात. बहुतेक इग्बो गावांत राजाच नव्हता, तरी कारभार सोपा जावा म्हणून इंग्रजांनी 'वॉरंट चीफ', म्हणजे सरकारी मुखिये नेमले. एझेउलूने ती मुखियागिरी नाकारली म्हणून कोठडी. खऱ्या इतिहासात याच मुखियांविरुद्ध १९२९ साली हजारो बायका उठल्या होत्या.

शेवाळ: तुम्ही दोघंही पुजाऱ्याच्या ओसरीवर बसून बोलताय. अचेबेंच्याच 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) मध्ये सुरुवातीला चर्चमध्ये जातं कोण? एक गरोदर बाई, जिची जुळी बाळं अशुभ म्हणून दर खेपेला टाकून दिली. आणि ओसू, म्हणजे देवाला वाहिलेले, ज्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. संस्कृती बुडाली म्हणून त्यांनी का रडावं? जोगतिणींचे हाल पाहिलेल्या मुलखात तरी हे समजावून सांगावं लागू नये.

कडुनिंब: मान्य, पण हे माझ्याच बाजूचं झालं. भेगा आधीच होत्या. उलू तरी कुठे अनादी? गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांच्या धास्तीने सहा गावांनी मिळून बसवलेला देव. गरज सरली, उठवला.

पानगळ: आणि त्या टोळ्या किनाऱ्यावर माणसं विकत होत्या ती कुणाला?

कडुनिंब: हं. जेवून येतो, मग लिहितो.