सुशीच्या भातावर पॉइंट लागतात, उपाय काय?

प्रश्न: न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंट तपासणीत प्रत्येक चुकीला पॉइंट लागतात; 13 पॉइंटांपर्यंत 'ए' ग्रेड, 14 झाले की 'बी'. सुशीचा भात बाहेर ठेवला तर पॉइंट लागतात, फ्रीजमध्ये ठेवला तर दगड होतो. काय करावं?

उत्तर: नुसतं व्हिनेगर घालून भागत नाही. भाताचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका भात आंबट) 4.6 च्या खाली असल्याचं दाखवता आलं पाहिजे, 4.1 चा नेम धरा. नाहीतर कोमट भातात बॅसिलस सीरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. व्हिनेगर गरम भातातच मिसळा. पाव कप भात, पाऊण कप डिस्टिल्ड पाणी मिक्सरमधून काढून पीएच मोजा. प्रत्येक घाण्याची नोंद हवीच. पीएच मीटर रोज पीएच 4 आणि 7 च्या द्रावणाने जुळवा, बरेच जण इथेच चुकतात.

उत्तर: कच्च्या माशांची कागदपत्रंही बघा. 'सुशी ग्रेड' या शिक्क्याला कायद्यात काही अर्थ नाही! उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवल्याचं पुरवठादाराचं पत्र लागतं. ट्यूनाला सूट आहे, रानटी सॅमनला नाही. गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू नाही. म्हणून वितळल्यावर 5 अंशांखालीच ठेवा.

उत्तर: आणि हातमोजे. उघड्या हातांनी निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाची चकती) वळताना दिसलात की पॉइंट लागलेच.