खुनी बाहुली उठून धावायला लागली, की भीती संपते का?

गंगापूररोडकर
परवा मित्राकडे 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) पुन्हा पाहिला आणि आमची चांगलीच जुंपली. माझं म्हणणं सरळ आहे. बाहुली निपचित बसलेली असते तोवरच खरी मजा. सुरी घेऊन धावायला लागली की उरतो एक बुटका खुनी, ज्याला लाथ घातली तरी तो भिंतीवर जाऊन आपटेल.

त्यातला सगळ्यात भारी प्रसंग आठवा. चकी म्हणजे त्यातला बाहुला, ज्यात मंत्राने एका खुन्याचा आत्मा शिरलेला असतो. पोराची आई त्याचा रिकामा खोका हलवते आणि आतून बॅटऱ्या खाली पडतात. वापरलेल्याच नाहीत! मग हा बाहुला एवढा वेळ बोलत होता तो कशावर? रक्ताचा थेंब नाही, पण पोटात गोळा येतो. पुढे सगळी पळापळ. 'ॲनाबेल' (२०१४) मधली बाहुली बहुतेक वेळ नुसती बसलेली असते, म्हणून ती मला चकीपेक्षा वरचढ वाटते.

सिडकोची_ठकी
अजिबात पटलं नाही. तात्या विंचू गप्प बसला असता तर आज त्याचं नाव कोणी घेतलं असतं का? 'झपाटलेला' (१९९३) मध्ये रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला आणि त्यामागे दिलीप प्रभावळकरांचा आवाज. सगळी गंमत त्याच्या बोलण्यात आणि चालण्यात आहे. आम्ही पोरं एकाच वेळी हसायचो आणि रात्री पलंगाखाली बघायला टरकायचो. या दोन्ही गोष्टी एकत्र होणं हीच या सिनेमांची खरी जादू, तुम्हाला त्यातली एकच हवी आहे.

आणखी एक. मूळ चकीची गोष्ट चालते ती सहा वर्षांच्या पोराचं कोणी खरं मानत नाही म्हणून. 'झपाटलेला'मध्ये महेश कोठाऱ्यांनी पोराच्या जागी लक्ष्या आणला, तोही बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. आता बाहुला काहीही बोलला तरी चारचौघं म्हणणार, 'हाच बोलवतोय!' नक्कल म्हणून हिणवतात, पण हा बदल मूळच्यापेक्षा हुशार आहे. यावर कोणी लिहीत का नाही?

गंगापूररोडकर
लक्ष्याचा मुद्दा मान्य, झकास आहे. पण बघा, तोही कोण बोलतंय या संशयाचाच आहे, धावण्याचा नाही. म्हणजे माझ्याच बाजूचा.

सिडकोची_ठकी
वा रे वा! तात्याही तुमचाच, लक्ष्याही तुमचाच.

पेठरोडचा_पाहुणा
दोघंही बाहुली म्हणजे खेळणं असं धरून चालला आहात. आपल्याकडे ती कधी नुसतं खेळणं होती? नवीन बांधकाम असो की ट्रक, नजर लागू नये म्हणून काळी बाहुली टांगलेली दिसतेच. तिच्यात काहीतरी आहे हे आपण आधीच मानलेलं असतं. म्हणून मंत्र पुटपुटून आत्मा बाहुल्यात शिरला, यावर इकडच्या प्रेक्षकाने एकही प्रश्न विचारला नाही.

उलटं उदाहरणही देतो. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला बोहाडा होतो, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव. रात्रीच्या उजेडात ते मोठाले मुखवटे नाचताना बघा, चकी त्यापुढे काहीच नाही. पण पोरं फार घाबरत नाहीत, कारण मुखवट्याआड गावातलाच कोणीतरी आहे हे त्यांना ठाऊक असतं. बाहुलीच्या आत कोण, हे कळत नाही. हललीच पाहिजे किंवा हलूच नये, हे भांडण मला तरी दुय्यम वाटतं.

तर्कट
काळ्या बाहुलीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. २०१३ साली आपण जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि त्याच वर्षी 'द कॉन्ज्युरिंग', म्हणजे ॲनाबेल पहिल्यांदा दिसली तो सिनेमा, 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून आला. चकीवर माझा राग नाही, तो उघड थाप मारतो. ॲनाबेल मात्र खरी म्हणून विकली जाते. मूळची बाहुली कशी आहे माहीत आहे? लाल लोकरीच्या केसांची, हसऱ्या तोंडाची साधी चिंध्यांची बाहुली. सिनेमावाल्यांना ती भीतीदायक वाटलीच नाही, म्हणून त्यांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याची दुसरी घडवली. शांत बाहुलीत एवढी ताकद असते तर हा खटाटोप कशाला?

गंगापूररोडकर
घडवली, पण बसवूनच ठेवली ना! आणि चेहरा का बदलावा लागला याचं उत्तर मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९७० मध्येच देऊन ठेवलंय. वस्तू माणसासारखी होत गेली की आधी आवडते, पण अगदी जवळ येऊन थोडी कमी पडली की अंगावर काटा येतो. चिंध्यांची बाहुली माणसापासून फारच लांब आहे. आपली लाकडी ठकीही तशीच, म्हणून ती रात्री कपाटावर असली तरी झोप लागते.

सिडकोची_ठकी
माझ्या नावावर घसरू नका.
मग 'मेगन' (२०२२) चं काय करायचं? ती बसत तर नाहीच, खून करायला जाताना बोळात चक्क नाचते. आईबाप गेलेली भाची मावशी एका यंत्राच्या हवाली करते आणि कामाला लागते. जेवताना पोराच्या हातात मोबाईल देणाऱ्यांनी ती एकदा बघावी. सगळं हलतं, बोलतं आणि तरी भीती वाटते. झाला ना तुमचा सिद्धांत आडवा?

तर्कट
मेगनला माझं मत. तिच्यात निदान भूत नाही, प्रोग्रॅम आहे.

गंगापूररोडकर
मेगन यंत्रमानव आहे हो, बाहुली नाही. ती चालणारच.

पेठरोडचा_पाहुणा
खेळण्यांच्या कंपनीने बनवलेली, मुलीला खेळायला दिलेली, आणि ती बाहुली नाही? ठकीताई, तुम्हीच बघा आता यांच्याकडे.