विषय: पेटी कोल्हापुरात कोण उघडणार? फ्युनरल डायरेक्टरची जबाबदारी कुठे संपते?

प्रेषक: संजय (सध्या कोल्हापूर)

मंडळी,

दादा इंग्लंडात वारल्याचं सगळ्यांना कळलंच आहे, परत लिहीत नाही. ज्यांचे फोन घेता आले नाहीत त्यांनी राग मानू नये, आईजवळ बसून आहे.

अडचण एकच आहे आणि ती आजच सुटायला हवी. वहिनींनी काल तिथल्या फ्युनरल डायरेक्टरकडे, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याकडे, सह्या केल्या. दादाला कोल्हापूरलाच आणायचं. आईला तोंड बघायचंय, त्यावर चर्चा नको. पण त्यांनी दिलेल्या कागदात लिहिलंय की पेटी आतून जस्ताच्या पत्र्याची, झाळून बंद केलेली असेल आणि त्यांचं काम मुंबई विमानतळाच्या कार्गोपर्यंत. तिथून पुढे घेणाऱ्याने पाहायचं. घेणारा म्हणजे मी.

पंचगंगेवर जस्ताची पेटी चितेवर ठेवता येणार नाही. शेणी रचून अग्नी द्यायचा तर दादाला पेटीतून काढलंच पाहिजे. ती कोण उघडणार? कुठं? घरात, स्मशानात, का मुंबईतच? मी त्या माणसाला इथून फोन केला तर "आम्ही फक्त आमच्या ग्राहकाशी बोलतो" म्हणून ठेवून दिला. सख्ख्या भावाशी बोलत नाहीत म्हणजे काय?

ज्यांनी कुणी हे केलंय त्यांनी सांगा.

संजय

---

प्रेषक: विद्याताई

संजय, मी वहिनींकडेच आहे. रोहन झोपलाय, त्या जाग्या आहेत. तुझा मेल त्यांना वाचून दाखवला.

आधी फोनचं. ते उर्मट नाहीत. इथे ज्याने सही केली त्याच्याच सूचना ते घेतात, मग फोनवर भाऊ असो की बाप. दोन भावांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि तिसरंच झालं असं होऊ नये म्हणून ते तसं पाळतात. वहिनींनी आत्ता त्यांना मेल केला की संजयशी बोलायला माझी हरकत नाही. उद्या सकाळी त्यांचं ऑफिस उघडलं की परत फोन कर.

दुसरं, कागद. मृत्यूची नोंद सोमवारी झाली. सप्टेंबर २०२४ पासून इथे मेडिकल एक्झामिनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या डॉक्टरने, दाखला पाहिल्याशिवाय नोंदच होत नाही, म्हणून आधीचे दिवस गेले. रजिस्ट्रारने हिरवा दाखला दिला होता. तो इथल्या दहनासाठी किंवा दफनासाठी असतो. देह देशाबाहेर न्यायचा तर तो परत करावा लागतो आणि कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, 'देह बाहेर नेत आहोत' अशी वेगळी सूचना द्यावी लागते. ती मिळाल्यावर चार पूर्ण दिवस मोजतात. कॉरोनर त्याआधीही सोडू शकतो, पण त्यावर विसंबून तिकिटं काढू नका. हे सगळं फ्युनरल डायरेक्टर करतोय. एम्बामिंगचा (देह औषधाने टिकवल्याचा) दाखला, संसर्गजन्य रोग नसल्याचा दाखला, हाय कमिशनकडून पासपोर्ट रद्द करून घेणं आणि ना हरकत पत्र, हेही त्याच्याकडेच आहे.

पेटीचं मला माहीत नाही. माझ्या सासऱ्यांचं इथेच झालं.

---

प्रेषक: मिलिंद, सचिव

सर्वांना विनंती. अशा प्रसंगी आपली सहाय्य समिती आहे. काकांच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या फ्युनरल डायरेक्टरला फोन केला आणि दोघांच्या गाड्या हॉस्पिटलच्या दारात उभ्या राहिल्या, ते कोणी विसरलं नसेल. त्यानंतरच समिती केली. समितीकडे यादी आहे, नमुना पत्रं आहेत.

संजय, दुःखात सहभागी आहे. पण दर ठरवण्याआधी समितीला विचारायला हवं होतं. २०२१ पासून फ्युनरल डायरेक्टरांना ठरावीक नमुन्यातलं दरपत्रक दुकानात आणि वेबसाइटवर लावावंच लागतं. मात्र परदेशी पाठवण्याचा खर्च त्या नमुन्यात नसतो. तो वेगळा, लेखी आणि कलमवार मागायचा असतो.

---

प्रेषक: विद्याताई

मिलिंद, रात्री अकरा वाजता हॉस्पिटलने विचारलं "कोणाला बोलावू?" तेव्हा समितीचा नंबर लागत नव्हता. मी तीनदा लावला. आता तो विषय नको. कलमवार खर्च मी मागितलाय, आला की तुला पाठवते.

---

प्रेषक: मेघना

मी हॉस्पिटलच्या बिरीव्हमेंट ऑफिसात (मृतांच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या) आहे हे काहींना माहीत आहे. एकच मुद्दा, कृपया आजच पाहा. दादांना पेसमेकर होता ना? गणपतीच्या आधी बसवला होता, आरतीला उभे राहिले नव्हते.

इथल्या दहनाच्या कागदांत त्याचा प्रश्न येतो, कारण भट्टीत बॅटरी फुटते. पण देह परदेशी जाणार असेल तर तो कागद भरलाच जात नाही आणि मग कोणी विचारेलच याची खात्री नाही. पंचगंगेवर चितेतही ती फुटेल आणि अग्नी देणारा रोहन जवळ उभा असेल. पेटी झाळण्याआधी पेसमेकर काढून घ्यायला सांगा. हे काम फ्युनरल डायरेक्टरकडे होतं. घरच्यांची लेखी संमती लागते.

आणि एक, इंग्लंडात या व्यवसायाला परवाना लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावून बसू शकतो. स्कॉटलंडने २०२५ पासून कायदेशीर आचारसंहिता लागू केली, इथे व्यावसायिक संघटनांचे नियम आहेत, पण सभासद होणं ऐच्छिक. म्हणून "त्यांना माहीत असेलच" असं कुठल्याच बाबतीत धरू नका.

---

प्रेषक: संजय

मेघना, होता. कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. विद्याताई, आत्ताच्या आत्ता.

---

प्रेषक: राहुल

संजयदादा, २०१८ ला आम्ही सासऱ्यांना सांगलीला नेलं होतं. झालं ते सगळं सांगतो, कारण आम्ही चुकलो.

मुंबईत कार्गोला पेटी घेताना एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने आलेल्या मालाच्या कागदावर, ज्याचं नाव त्यालाच ताबा देतात. मेव्हण्याचं नाव बिलावर एक आणि ओळखपत्रावर दुसरं स्पेलिंग होतं. पाच तास गेले. तेव्हा तुमचं नाव आधार कार्डावर जसं आहे अक्षरन् अक्षर तसंच त्यांना पाठवा. कस्टम्स आणि विमानतळाचे आरोग्य अधिकारी कागद बघतात. आता आरोग्य मंत्रालयाचं ई-केअर पोर्टल आहे, २०२३ पासून. देह भारतात आणायची परवानगी त्यावर आधी घ्यावी लागते. ती तुमचा फ्युनरल डायरेक्टर काढतोय की एअरलाइन, हे विचारा. आमच्या वेळी पोर्टल नव्हतं, पण "ते करतील" म्हणून दोघंही गप्प बसले असं तेव्हाही झालं होतं.

पेटी आम्ही घरी नेली. सोप्यात ठेवली. वरचं लाकडी झाकण स्क्रूचं, ते निघालं. आतला पत्रा मात्र झाळलेला. घरात पत्रा कापायची कात्री नव्हती. छिन्नी-हातोडी आणली. सासूबाई समोर, मुलं समोर आणि चाळीस मिनिटं तो आवाज. औषधाचा वास सुटला तो वेगळाच. सासूबाई अजून म्हणतात, ह्यांचं तोंड आठवत नाही, हातोडी आठवते.

घरात उघडू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

प्रेषक: शुभांगी

राहुल, वाचून हात थरथरले.

संजय, चर्चा नको म्हणालास तरी लिहिते. इथेच दहन करून रक्षा नेली तर आईंना हे काही बघावं लागणार नाही. माझे बाबा जुलै २०२१ ला गेले. पुराचं पाणी स्मशानभूमीत शिरलेलं, घाट दिसत नव्हता, इकडून विमान मिळेना. भावाने दुसऱ्या स्मशानात केलं आणि मी फोनवर पाहिलं. रक्षेतली एक मूठ त्याने ठेवली होती. पुढच्या वर्षी मी प्रयाग चिखलीच्या संगमावर सोडली. मला ते पुरलं.

---

प्रेषक: संजय

शुभांगीताई, तुमचा राग नाही. तुम्हाला यायची वाट नव्हती, आम्हाला आहे. आई ८२ वर्षांची आहे. सात वर्षांत तिने दादाला दोनदा पाहिलं. ती काल म्हणाली, "रक्षा कुणाची बी आणून दिली तर मला कसं कळायचं?" ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

प्रेषक: अनिलकाका

संजय, तुमच्या आईंचं बोलणं वाचून एक जुनी गोष्ट आठवली आणि ती कोल्हापूरची आहे, म्हणून लिहितो.

छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्याही आधीचे, १८७० साली विलायतेला आले होते. परतताना ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. बरोबरच्या मंडळींनी तिथल्या अधिकाऱ्यांकडून दहनाची परवानगी मिळवली आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. संगमच शोधला, हे ध्यानात घ्या. तिथे पुढे १८७४ ला छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. नकाशा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी नंतर आपला न्यू पॅलेस बांधला. मी १९९६ ला मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो. शेजारच्या पुलाला लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. इंग्लंडात वोकिंगला पहिलं दहन १८८५ ला झालं, म्हणजे महाराजांनंतर पंधरा वर्षांनी.

तेव्हा ना पेटी होती ना डायरेक्टर. बरोबरच्या माणसांनीच सगळं केलं.

---

प्रेषक: प्रसाद

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला ह्याच महाराजांचं नाव आहे ना?

---

प्रेषक: अनिलकाका

नाही. ते राजाराम महाराज तिसरे, शाहू महाराजांचे चिरंजीव. विमानतळ त्यांच्या कारकिर्दीतला. ही गल्लत नेहमी होते.

---

प्रेषक: मिलिंद, सचिव

कृपया विषय सोडू नये. विमानतळाचं निघालंच आहे तर, कोल्हापूरला आंतरराष्ट्रीय कार्गो नाही. मुंबईहून शववाहिकाच करावी लागेल. साधारण पावणेचारशे किलोमीटर. रात्री निघून पहाटे पोचावं. समितीच्या यादीत मुंबईतला एक विश्वासू गाडीवाला आहे, संजयला वेगळा मेल केलाय.

---

प्रेषक: विद्याताई

आज दुपारी रोहनने अंघोळ घातली. मी बाहेर होते, आत तो, राहुल आणि तिथला एक माणूस. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी खोली आहे, कोमट पाणी, उतरतं टेबल. हे मागावं लागतं. आपण मागितलं नाही तर ते त्यांच्या पद्धतीने तयार करतात आणि सूट घालतात. रोहनला मंत्र येत नव्हते, संजय फोनवर सांगत होता आणि तो म्हणत होता. त्या माणसाने कुठेही घाई केली नाही. दादांना उचलताना दर वेळी आधी "आता आपण यांना वळवतोय" असं मोठ्याने म्हणायचा. मला ते फार बरं वाटलं.

पांढरा सदरा-पायजमा घातलाय. फेटा घातला नाही, तो संजय तिथे बांधणार. पेसमेकर काल काढला, तसा लेखी कागद दिलाय. पेटी उद्या झाळणार. ई-केअरचं एअरलाइन करेल असं ते समजत होते आणि एअरलाइन म्हणत होती तुम्ही करा. राहुल, तुझ्यामुळे विचारलं. आता त्यांनी भरलंय.

डोक्याची बाजू पेटीवर बाहेरून लिहायला सांगितली आहे, मराठीतसुद्धा. मी मार्करने माझ्या हाताने लिहिणार.

---

प्रेषक: मेघना

एम्बामिंग झालेलं असल्याने चेहरा ओळखू येईल, पण रंग थोडा बदललेला असतो. आईंना आधी सांगून ठेवा. नाकात कापूस असेल, तो काढू नका.

---

प्रेषक: शुभांगी

मग उघडायचं स्मशानात ठरलं का? म्हणजे आईंना तिथे न्यावं लागेल. न्या, बिनधास्त न्या. बायकांनी यायचं नाही हे कुठे लिहिलंय?

---

प्रेषक: प्रसाद

लिहिलेलं नसेल, पण ८२ व्या वर्षी घाट उतरायला लावणं बरोबर नाही.

---

प्रेषक: संजय

मंडळी, ठरलं. शेवटचं सांगतो.

काल रात्री तालमीतली पोरं दारात येऊन बसली होती. दादा लहानपणी तिथंच घुमायचा, मोठी माणसं ओळखतात. त्यांना राहुलचा मेल वाचून दाखवला. तालमीचे वस्ताद म्हणाले, "पेटी घरला आणायचीच न्हाई. आधी तालमीत उतरवायची. दार लावून घ्यायचं. गल्लीतला आमचा पत्र्याचं काम करणारा पोरगा हाय, तो कात्रीनं कापंल, हातोडा लावायचा न्हाई. दादाला बाहेर घेऊ, फेटा बांधू, तिरडीवर निजवू आणि मग दारात आणू." आईला दारात दादा तिरडीवरच दिसेल, आपल्याकडे माणूस जातो तसा. पेटी तिला दिसणारच नाही.

पत्रेवाल्याला पेटीचे फोटो पाठवले. झाळ कुठून कुठवर आहे ते त्याला आधी बघायचं होतं. विद्याताई, झाळल्यावर चारी बाजूंनी अजून एकदा फोटो लागतील, कोपऱ्यांचे जवळून. आणि फ्युनरल डायरेक्टरला विचारा, पत्र्याच्या आत वरून काही गादी किंवा कापड आहे का आणि पत्रा आणि चेहरा यांत अंतर किती. आज सकाळी मी त्यांच्याशी बोललो. नीट बोलले. "भारतात पुढे काय होतं ते आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं," म्हणाले. झाळ पायाकडच्या बाजूला सुटी ठेवता येईल का बघतो म्हणालेत. त्याचं उत्तर वहिनींना देतील, मला नाही. चालेल.

महापालिकेच्या स्मशानभूमीत सांगून ठेवलंय. शेणी-लाकडाचे पैसे तिथे घेत नाहीत, हे त्यांनी वहिनींना दोनदा समजावलं, त्यांना खरं वाटेना. बदल्यात आम्ही शेणी देणार आहोत.

मिलिंद, गाडीवाला ठरला. आभार.

विमान मंगळवारी रात्री मुंबईत. बुधवारी पहाटे तालमीत. आठ वाजता घरातून निघू. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. थोडी रक्षा घरच्या आंब्याला घालणार, बाकीची प्रयाग चिखलीला. अनिलकाका, संगमावरच.

वहिनी आणि रोहन पंधरा दिवसांनी परततील. त्यांना आणायला विमानतळावर कोण जाईल ते आत्ताच लिहा, म्हणजे मला एक काळजी कमी.

---

प्रेषक: राहुल

मी जातो. कात्री सरळ पात्याची घेऊ नका, कोपऱ्यावर वळत नाही. वाकड्या पात्याची सांगा.

---

प्रेषक: संजय

त्याच्याकडे दोन्ही आहेत.