जॉप्लिनच्या गॅलेनाचं वय मायनसमध्ये का येतं?

मृण्मयी_जिऑलॉजी
नमस्कार मंडळी, एमएस्सी सेकंड इयरला आहे आणि सेमिनारला लेड आयसोटोप (शिशाचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) घेतलेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचा डेटा टाकला की सगळं मस्त जुळतं, शिसं-२०६ आणि शिसं-२०४ चं गुणोत्तर (२०६/२०४) १६ च्या आसपास, मॉडेल वय (गुणोत्तरावरून गणिताने काढलेलं वय) दीडशे कोटी वर्षांच्या पुढे आणि तिथलं धातुकही (ज्यातून धातू काढतात ते खनिज) तसंच जुनं. मग अमेरिकेत मिसुरीतल्या जॉप्लिनचं गॅलेना (शिसं आणि गंधकाचं खनिज) घेतलं तर तेच गुणोत्तर २१-२२ च्या घरात आणि स्टेसी-क्रेमर्स मॉडेलमध्ये वय चक्क मायनस!! म्हणजे हे शिसं अजून तयार व्हायचंय? आमचे सर म्हणाले जे-टाइप (असं मायनस वय देणारं शिसं) आहे, अपवाद म्हणून लिही आणि पुढे जा. पण एवढ्या मोठ्या पट्ट्यातलं सगळं गॅलेना असंच येत असेल तर त्याला नुसतं अपवाद म्हणून कसं सोडायचं? कुणी नीट समजावेल का.

खडकवाट
मृण्मयी, अजिबात सोडू नकोस, तुझ्या सेमिनारचा सगळ्यात चांगला भाग हाच आहे.

आधी मॉडेल वय काय गृहीत धरतं ते बघ. शिशाचे चार आयसोटोप, त्यातला २०४ कशापासूनही नव्याने बनत नाही. २०६ बनतो युरेनियम-२३८ पासून (अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं), २०७ युरेनियम-२३५ पासून (७० कोटी), २०८ थोरियमपासून (साधारण १४०० कोटी). गॅलेनात युरेनियम जवळपास नसतंच, त्यामुळे शिसं एकदा गॅलेनात अडकलं की गुणोत्तर तिथेच थांबतं. आता मॉडेल म्हणतं की त्याआधी ते शिसं पृथ्वीच्या एका सरासरी साठ्यात वाढत होतं, आणि स्टेसी-क्रेमर्सप्रमाणे त्या साठ्याचं आजचं २०६/२०४ येतं १८.७. जॉप्लिनचं त्याच्याही पुढे, म्हणून गणित म्हणतं की अजून कित्येक वर्षांनी सरासरी साठा इथवर पोचेल. मायनस वयाचा अर्थ एवढाच की हे शिसं सरासरी साठ्यातून आलेलं नाही, त्याला वाटेत कुठेतरी भरपूर युरेनियम असलेल्या खडकाचा सहवास मिळालाय.

मग तो खडक कुठला? इथे २०७ कामाला येतो. युरेनियम-२३५ पटापट संपतं, पृथ्वीच्या सुरुवातीला होतं त्यातलं आता एक टक्क्याच्या आसपासच उरलंय, त्यामुळे २०७ ची मोठी भर फार पूर्वी पडून गेली आणि नंतरच्या काळात मुख्यतः २०६ वाढत राहिला. २०६/२०४ आडव्या अक्षावर आणि २०७/२०४ उभ्या अक्षावर घेऊन त्या पट्ट्यातले सगळे नमुने टाक, एक तिरकी रेष मिळेल. धातुक कधी बनलं ते दुसरीकडून माहीत असेल तर त्या रेषेच्या चढावरून उगमाच्या खडकाचं वय काढता येतं. मिसुरीत ती रेष बोट दाखवते खालच्या, फार जुन्या प्रीकॅम्ब्रियन काळातल्या पायाच्या खडकांकडे. तिथल्या सेंट फ्रँक्वा डोंगरात या पायातले ग्रॅनाइट-रायोलाइट हे अग्निजन्य खडक उघडे दिसतात, वय साधारण १४७ कोटी वर्षं. आग्नेय मिसुरीत त्या ग्रॅनाइटच्याच झिजेतून बनलेला लामॉट नावाचा वालुकाश्म आहे, आणि शिसं त्यातूनच निघालं असं मानणारे बरेच जण आहेत.

आणि तुझ्या सरांना हे नक्की दाखव: या भागातल्या गॅलेनाचा एकच स्फटिक घेऊन आतून बाहेर मोजत गेलं तरी गुणोत्तर बदलत जातं. म्हणजे स्फटिक वाढत असताना खडकांतून शिसं घेऊन येणाऱ्या पाण्यातलं शिसंही बदलत होतं, एकाच ठिकाणचं एकसारखं नव्हतं. ब्रोकन हिलला एवढा मोठा साठा असूनही गुणोत्तर कमालीचं एकसारखं, आणि इथे हाताच्या मुठीएवढ्या दगडात एवढा फरक. मला तर हे कितीदा वाचलं तरी भारी वाटतं.

जस्तवाला_नागपूर
खडकवाट साहेब उत्तर आवडलं, पण एक शंका. जॉप्लिन, शेजारच्या ओक्लाहोमातलं पिचर हा सगळा पट्टा मुळात जस्ताचा, शिसं त्यामानाने बरंच कमी. शिशाचा पत्ता लागला म्हणजे जस्ताचा लागला असं कसं म्हणायचं?

खडकवाट
बरोबर पकडलंत, असं म्हणता येत नाहीच. शिसं पोटॅशियमच्या जागी बसतं म्हणून ते ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजात जास्त सापडतं, जस्त बसतं बायोटाइटसारख्या (काळ्या अभ्रकासारख्या) लोह-मॅग्नेशियमवाल्या खनिजांत. एकाच खडकातून गरम खारं पाणी गेलं तरी दोघं वेगवेगळ्या खनिजांतून सुटणार. पुढे क्लोराइडच्या साथीने दोघंही एकाच पाण्यातून वाहू शकतात (द्रव समावेशांवरून, म्हणजे खनिजात अडकलेल्या पाण्याच्या थेंबांवरून, इथलं पाणी साधारण १०० अंशांच्या आसपासचं आणि समुद्राच्या कित्येक पट खारं), त्यामुळे प्रवास एकत्र झाला असेल हे पटतं, पण उगम एकच असं शिसं सांगत नाही. सल्फरचं तर आणखी वेगळं, त्याचे ३४/३२ वेगळे मोजावे लागतात. सोन्याची अडचण याहून मोठी, त्याला स्थिर आयसोटोप एकच, १९७, गुणोत्तर काढणार कशाचं? म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमध्ये सोन्याच्या कणांतलं रेनियम-ऑस्मियम मोजलं (किरणोत्सारी रेनियमपासून ऑस्मियम बनतं, त्यावरून वय निघतं), वय सुमारे ३०० कोटी वर्षं आलं, ज्या गोटाळ खडकात ते सोनं आहे त्याहूनही जुनं. सोनं नदीने वाहून आणलं म्हणणाऱ्यांच्या हातात तो मोठा पुरावा आला.

जुनी_नाणी
मी जिऑलॉजीवाला नाही, नाणी गोळा करतो. सातवाहनांची शिशाची नाणी आपल्याकडे भरपूर मिळतात, त्यांचं शिसं राजस्थानचं की रोमन जहाजातून आलेलं हे असं कळेल का? पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की भारताकडे शिसं नाही, ते लोक रत्नं-मोती देऊन घेतात.

खडकवाट
राव, कामाचा प्रश्न! प्लिनीचं ते म्हणणं जसंच्या तसं घेता येत नाही, राजस्थानात झावर, रामपुरा-आगुचा इथे शिसं-जस्त आहेच आणि जुनं खाणकामही आहे. तुमच्या कामाची गोष्ट अशी की आगुच्याचं गॅलेना शंभर-दीडशे कोटी वर्षांहून जुनं, २०६/२०४ सतराच्या खाली, आणि स्पेन किंवा ग्रीसमधल्या लॉरियनचं शिसं खूप तरुण, अठराच्या वर. एवढं अंतर असलं की टोकाचा नमुना ओळखता येतो. पण नाणी वितळवून पुन्हा पाडली, दोन ठिकाणचं शिसं एकत्र आटवलं की आकडा मधेच कुठेतरी पडतो, आणि मधल्या आकड्याची दुसरी एखादी खाणही असू शकते. त्यामुळे आयसोटोप 'इथलं नाही' हे ठामपणे सांगतात, 'इथलंच' म्हणायला बाकी पुरावा लागतो.

मृण्मयी_जिऑलॉजी
खूप खूप धन्यवाद दादा!! २०६-२०७ चा आलेख आजच काढते. आमच्या ओळखीच्या लॅबमध्ये एक-दोन नमुने आयसीपी-एमएसवर (अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजून मिळतील असं दिसतंय, तिथे काय सांभाळायचं?

खडकवाट
पाऱ्याकडे लक्ष ठेव. २०४ हा शिशात जेमतेम १.४ टक्के, आणि पाऱ्याचाही २०४ वजनाचा आयसोटोप असतो, आरगॉन गॅसमधून किंवा ॲसिडमधून थोडा जरी पारा आला तरी तो शिशाच्या २०४ वर चढून बसतो आणि तुझं २०६/२०४ खाली येतं. म्हणून पारा-२०२ सोबतच मोजायला सांग आणि त्यावरून २०४ मधला पाऱ्याचा वाटा वजा कर. गॅलेनाचं द्रावण भरपूर पातळ करूनच लाव, नाहीतर पुढच्या माणसाच्या नमुन्यातही तुझंच शिसं दिसत राहील. आणि २०८/२०४ चा आलेख पण काढ, थोरियमचा भाग त्यातच कळेल. आकडे आले की इथे टाक, बघू.